कॅन्सर मणक्यात पोचल्यावर मुंबईत रेडिएशन: पेशंटला घेऊन जाणाऱ्यांसाठी

एमआरआयच्या रिपोर्टात ‘मेटास्टॅसिस’ (म्हणजे कॅन्सर मूळ जागेतून दुसरीकडे पसरलाय) आणि त्याच्या आजूबाजूला डी८, एल३ (पाठीतला आठवा, कमरेतला तिसरा मणका) असं काहीतरी दिसलं की घरातला एकजण मोबाईलवर शोधाशोध करत बसतो, दुसरा ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावत सुटतो. हा लेख तिसऱ्यासाठी आहे, ज्याला उद्या सकाळी फाईल काखेत मारून पेशंटबरोबर निघायचंय. आईच्या वेळी हे काम माझ्याकडे होतं. तिचा स्तनाचा कॅन्सर काही वर्षांनी पाठीच्या कण्यात उतरला. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी आणि थायरॉइड या जागांचे कॅन्सर हाडांकडे वळण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि हाडांमध्ये मणका पहिला सापडतो.

मी डॉक्टर नाही. डोस आणि औषधं तुमचे डॉक्टर ठरवतील. पण कुठल्या दाराने आत शिरायचं, काय विचारायचं आणि कशाची घाई करायची हे कोणी नीट सांगत नाही, ते इथे लिहिते.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. या टप्प्यावरचं रेडिएशन आजार मुळापासून काढण्यासाठी नसतं. दुखणं कमी करणं, पाय चालते ठेवणं आणि मणका आणखी खचू न देणं, यासाठी ते असतं. त्यामुळे हिशोबही वेगळा होतो. मी प्रत्येक टेबलापाशी एकच गोष्ट मनात धरायचे: यात आईचे किती दिवस जाणार आणि त्या बदल्यात तिला काय मिळणार?

१. थांबता येईल की आत्ताच निघायचं, हे आधी ठरवा

कॅन्सरच्या पेशंटची नुसती पाठ दुखत असेल तर दोन-चार दिवसांत दाखवलं तर चालतं. पण खालच्यापैकी काहीही नव्याने सुरू झालं असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघायचं:

- पायांत ताकद वाटत नाही, जिना चढताना पाय लटपटतात, पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही
- छाती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखतं
- खोकला, शिंक किंवा शौचाला जोर लावला की पाठीत कळ जाते; आडवं पडल्यावर दुखणं वाढतं
- पाय, मांड्यांचा आतला भाग किंवा बसायची जागा बधिर झाली आहे
- लघवी तुंबते, किंवा लघवी-संडास कधी झाली ते कळत नाही

मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देऊ लागल्याची ही लक्षणं असू शकतात. हा दाब किती दिवस सहन करायचा याला शरीरात फारशी मुभा नसते. उपचार सुरू होताना पेशंट चालत असेल तर पुढेही चालत राहण्याची शक्यता चांगली असते. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणं फार कठीण. म्हणून ‘सोमवारी ओपीडी आहे, तेव्हाच दाखवू’ हे वाक्य या घरात कोणी उच्चारू नये.

जिथे पेशंटची फाईल आहे तिथल्या कॅज्युअल्टीत जा. ते लांब असेल तर चोवीस तास एमआरआय आणि न्यूरोसर्जन असलेलं जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. १०८ ची अॅम्ब्युलन्स मोफत असते. पेशंटला सपाट झोपवूनच न्या. दारात पोचल्यावर ‘पाठ दुखतेय’ एवढंच सांगाल तर रांगेत बसवतील. असं सांगा: ‘कॅन्सरचे पेशंट आहेत, पायांतली ताकद कालपासून कमी होतेय, मज्जारज्जू दबतोय का ते बघायचंय.’

तिथे सहसा स्टिरॉइड (डेक्सामेथासोन) सुरू करतात आणि संपूर्ण मणक्याचा एमआरआय काढतात. ‘संपूर्ण’ हा शब्द कागदावर लिहिलाय ना बघा, कारण दाब एकाच जागी असेल असं नाही. एमआरआय दाखवताना स्पाइन सर्जनचं मत मागायला लाजू नका. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, एकाच जागी दाब असलेल्या निवडक पेशंटमध्ये ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही घेतलेले ८४ टक्के लोक उपचारांनंतर चालू शकले, नुसतं रेडिएशन घेतलेले ५७ टक्के. सगळ्यांना ऑपरेशन झेपत नाही. पण तो पर्याय कोणी विचारातच घेतला नाही, असं व्हायला नको.

२. पाठीला कोणाचाही हात लागू देऊ नका

मालिश, मणका बसवणारे, हाडवैद्य, ट्रॅक्शन, कोणी सुचवलेले व्यायाम: सगळं बंद. कीड लागलेल्या लाकडासारखा आतून पोखरलेला मणका बाहेरून धडधाकट दिसतो. डॉक्टरांना थेट विचारा, ‘मणका स्थिर आहे का? बसवलं, चालवलं तर चालेल?’ उत्तर मिळेपर्यंत पेशंटला कुशीवर वळवताना खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी, ओंडका लोळवतात तसे फिरवायचे. कमरेत पीळ पडता कामा नये. पट्टा किंवा कॉलर लागेल का, कुठला आणि दिवसातून किती तास, हे डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवं. मेडिकलच्या दुकानातून अंदाजाने आणलेला कंबरपट्टा डी८ च्या मणक्याला काही उपयोगाचा नाही. (रिपोर्टात कुठे डी८ तर कुठे टी८ लिहितात. दोन्ही एकच.)

३. हॉस्पिटल निवडणं

मुंबईत टाटा म्हटलं की परळ डोळ्यांपुढे येतं. टाटा मेमोरियल १९४१ पासून तिथे आहे आणि त्याच संस्थेचं अॅक्ट्रेक हे दुसरं केंद्र खारघरला आहे. परळची फाईल असली तरी काही पेशंटना रेडिएशनसाठी खारघरला पाठवतात, त्याची मनाची तयारी ठेवा. तुम्ही पनवेल-बेलापूरकडे राहत असाल तर आपणहून विचारा, ‘खारघरला होईल का?’ टाटामध्ये जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन प्रकारच्या फाईली निघतात. प्रायव्हेटला पैसे जास्त आणि गर्दी कमी. पैसे भरायला स्मार्ट कार्ड असतं. त्यात रक्कम आधी भरून ठेवली तर ऐनवेळी खिडकीवर धावावं लागत नाही.

खासगीत हिंदुजा, जसलोक, कोकिलाबेन अशा मोठ्या हॉस्पिटलांत रेडिएशनची सोय आहे. उपनगरांत छोटी सेंटरंही आहेत. माझं मत सांगते: मूळ आजाराचे उपचार कुठेही चालू असोत, दुखण्यासाठीचं साधं रेडिएशन घराजवळ होत असेल तर ते घ्या. रोज डोंबिवलीहून परळ गाठणं धडधाकट माणसालाही दमवतं. फक्त मूळ डॉक्टरांची चिठ्ठी न्या आणि दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांशी बोलतील असं बघा.

‘तिथे जुनं कोबाल्ट मशीन आहे’ असं म्हणून लोक घाबरवतात. लिनॅक (विजेवर किरणं तयार करणारं मशीन) नेमकं आणि आधुनिक असतं, हे खरंच. पण हाडाचं दुखणं कमी करायला कोबाल्टही चालतं. आपल्याच तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्टचंच मशीन. एका सिटिंगसाठी (मशीनखालच्या एका फेरीसाठी) महिनाभर लिनॅकच्या तारखेची वाट बघण्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, ‘कोबाल्टवर लवकर होईल का?’

४. पिशवीत काय हवं

एक जाड, चेन असलेली पिशवी घ्या आणि ती कायम एकाच माणसाकडे ठेवा.

- पेशंटचं आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन-चार फोटो
- बायोप्सीचा रिपोर्ट. नव्या हॉस्पिटलात जात असाल तर स्लाइड आणि ब्लॉकसुद्धा (तपासलेल्या तुकड्याच्या काचा आणि मेणातले ठोकळे)
- एमआरआय, पेट-सीटी, बोन स्कॅन: रिपोर्ट, फिल्म आणि सीडी, तिन्ही
- केमोचे कागद: कुठलं औषध, शेवटचा डोस कधी
- अलीकडचं रक्त: सीबीसी, क्रिएटिनिन, कॅल्शियम
- चालू औषधांची यादी, त्यात शुगर, बीपी आणि रक्त पातळ करणारी औषधं ठळक
- आधी कधी रेडिएशन झालं असेल तर त्याचा पूर्ण तपशील

शेवटच्या ओळीपाशी जरा थांबा. मज्जारज्जू आयुष्यात ठरावीक मर्यादेपर्यंतच किरणं सहन करतो. आधी छातीला, घशाला किंवा पोटाला रेडिएशन झालं असेल तर त्यातला काही डोस मणक्यालाही लागलेला असतो. तो किती, हे कळल्याशिवाय नवे डॉक्टर पुढे जात नाहीत, जाऊही नये. नुसती डिस्चार्ज समरी पुरत नाही. जुन्या सेंटरच्या रेडिएशन विभागातून डोस, सिटिंगची संख्या, तारखा आणि प्लॅनची प्रत मागा. मिळायला चार दिवस लागू शकतात, म्हणून हे काम पहिल्या दिवशीच सुरू करा. छातीत पेसमेकर असेल तर तेही न विचारता सांगा.

५. पैशाचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. पहिल्याच दिवशी तिथे जा, रेशन कार्ड आणि आधार दाखवा. चौकशीला १५५३८८ हा नंबर आहे. सापळा असा की मंजुरी उपचारांच्या आधी घ्यावी लागते. सिटिंग उरकून मग बिल घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर तेवढ्यावरूनही गाडी अडते, आजच तपासा.

योजनेत बसत नसेल तर धर्मादाय हॉस्पिटलांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. पहिल्यांना मोफत, दुसऱ्यांना सवलतीत. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. हॉस्पिटलच्या समाजसेवकांना भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीपासून ट्रस्टांपर्यंत कुठे अर्ज करायचा हे त्यांना पाठ असतं. आरोग्य विमा असेल तर रेडिएशनसाठी रात्रभर भरती व्हावं लागत नाही हे आधी कंपनीला कळवून कॅशलेसची मंजुरी घ्या.

बाहेरगावच्यांना रेल्वेत कॅन्सर पेशंटसाठी तिकिटात मोठी सवलत आहे. हॉस्पिटलचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन हे जुने, भरवशाचे आधार. जागा मिळेलच असं नाही, म्हणून समाजसेवकांची चिठ्ठी घेऊन लवकर नंबर लावा.

६. रेडिएशनच्या डॉक्टरांची पहिली भेट

इथे घाई करू नका. पुढचे सगळे दिवस या पंधरा मिनिटांत ठरतात.

डोस ‘ग्रे’ या एककात मोजतात. मणक्याच्या दुखण्यासाठी जगभर वापरले जाणारे नेहमीचे आराखडे तीन: ८ ग्रे एकाच सिटिंगमध्ये, २० ग्रे पाच सिटिंगमध्ये, किंवा ३० ग्रे दहा सिटिंगमध्ये. ऐकणाऱ्याला वाटतं, दहा म्हणजे भरपूर, एक म्हणजे बोळवण. तसं नाही. साध्या, गुंतागुंत नसलेल्या हाडाच्या दुखण्यात एका सिटिंगनेही दहानेही दुखणं साधारण सारखंच कमी होतं, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. शंभरातल्या साठेक लोकांना आराम पडतो. फरक पडतो तो पुढे: एकाच सिटिंगवाल्यांपैकी साधारण २० टक्के लोकांना त्याच जागी पुन्हा रेडिएशन लागतं, जास्त सिटिंगवाल्यांत सुमारे ८ टक्क्यांना.

मज्जारज्जूवर दाब असेल तर गणित थोडं बदलतं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या ६८६ पेशंटवरच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांनी एका सिटिंगवाले ६९ टक्के आणि पाच सिटिंगवाले ७३ टक्के चालत होते. आकडे जवळजवळ आहेत, तरी ‘दोन्ही सारखेच’ असं ठामपणे म्हणायला ते पुरले नाहीत. ज्यांची तब्येत बरी आहे आणि हाताशी काळ आहे त्यांना डॉक्टर जास्त सिटिंग सुचवतात, याचं कारण यात आहे. ऑपरेशननंतरच्या रेडिएशनलाही बहुधा जास्त सिटिंग लागतात.

म्हणून विचारायचं ते असं: ‘डॉक्टर, आईला प्रवासाचा फार त्रास होतो. एकाच सिटिंगमध्ये होण्यासारखं आहे का? नसेल तर का नाही?’ चांगले डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाहीत. एका खासगी सेंटरमध्ये आम्हाला कारण न सांगता थेट दहाचं पॅकेज लिहून दिलं होतं. दुसरं मत घेतलं, पाचवर काम झालं. तुमच्या पेशंटला दहाच योग्य असतील, अगदी शक्य आहे. पण कारण तुम्हाला समजेल अशा मराठीत सांगता यायला हवं.

एसबीआरटी हे नावही कानावर पडेल. यात खूप नेमकेपणाने मोठा डोस देतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या अभ्यासात दोन सिटिंगच्या एसबीआरटीनंतर तीन महिन्यांनी ३५ टक्के लोकांचं दुखणं पूर्ण गेलं होतं, नेहमीच्या पाच सिटिंगनंतर १४ टक्क्यांचं. मात्र ते महाग आहे, तयारीला जास्त दिवस लागतात, मशीनवर जास्त वेळ अजिबात न हलता पडून राहावं लागतं आणि नंतर मणका दबून फ्रॅक्चर होण्याचा धोका विचारात घ्यावा लागतो. एक-दोनच जागी पसरलेला आजार आणि चांगली तब्येत असेल तर जरूर विचारा. पाच-सहा मणक्यांत पसरलं असेल तर कर्ज काढून त्याच्या मागे लागू नका.

आणखी दोन प्रश्न राहायला नकोत: केमो किंवा चालू गोळी मध्ये थांबवायची का, आणि दुखणं वाढलं तर रात्री कोणाला फोन करायचा.

७. सिम्युलेशन: खुणा करण्याचा दिवस

या दिवशी उपचार होत नाहीत, मोजमाप होतं. पेशंटला कडक, सपाट फळीवर झोपवून सीटी काढतात आणि कातडीवर शाईच्या रेघा किंवा टाचणीच्या टोकाएवढे टिंब करतात. मानेचा मणका असेल तर चेहऱ्यावर जाळीचा प्लास्टिकचा मास्क बनवतात. गरम आणि ओला असताना तो लावतात, गार होऊन घट्ट बसतो. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी आधीच सांगावं.

सगळ्यात अवघड काय असेल तर ती फळी. दुखऱ्या पाठीने वीस मिनिटं सपाट पडणं म्हणजे शिक्षाच. डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या की निघायच्या आधी दुखण्याची कुठली जादा गोळी द्यायची. लवकर काम करणारं मॉर्फिन चालू असेल तर ते साधारण अर्धा-पाऊण तास आधी देतात. आत नंबर लागायला उशीर होतोय असं दिसलं तर टेक्निशियनला विचारून गोळीची वेळ पुढे सरकवा. गोळीचा असर ओसरल्यावर नंबर लागला तर सगळं फुकट.

रेघा पुसू द्यायच्या नाहीत. अंघोळीला त्या भागावर साबण नको, घासणं नको, तेल नको. मुंबईच्या घामाने शाई फिकी होते, म्हणून जुना, मऊ, सुती आणि डाग पडले तरी चालेल असा सदरा किंवा गाऊन घाला. रेघ पुसट झाली तर घरी पेनाने गिरवू नका, टेक्निशियनला दाखवा.

८. सिटिंगचे दिवस

मशीनखाली प्रत्यक्ष किरणं काही मिनिटंच असतात. दुखत नाही, भाजत नाही. आत पेशंट एकटा असतो, पण कॅमेऱ्यातून दिसतो आणि बोलता येतं. घरी आल्यावर नातवंडांना जवळ घ्यायला काहीही हरकत नाही. बाहेरून दिलेली किरणं शरीरात उरत नाहीत. शेजारच्या काकूंना हे दोनदा सांगावं लागेल.

सिटिंग सहसा सोमवार ते शुक्रवार. मशीन बंद पडलं तर तारीख सरकते, त्यासाठी विभागाचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि निघायच्या आधी एक फोन करा.

प्रवासाचं मात्र नीट ठरवा. लोकलच्या दिव्यांग डब्यातून कॅन्सर पेशंटना जाता येतं, पण परळ-प्रभादेवीचे जिने आणि धक्के दुखऱ्या मणक्याला झेपणारे नाहीत. बसायची परवानगी असेल तर गाडीत पुढची सीट मागे कलती करून, कमरेमागे उशी घेऊन. चालकाला आधीच सांगा की खड्डा आला की अगदी सावकाश. जुन्या चाळीत किंवा बिनलिफ्टच्या इमारतीत राहत असाल तर खाली कसं उतरवायचं हे आदल्या दिवशी ठरवा. पुष्कळ जुन्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. अॅम्ब्युलन्सवाल्याला मजला आणि लिफ्टचं माप फोनवरच सांगा, म्हणजे तो जादा माणूस आणेल. तारखा गणपतीत येत असतील तर लालबाग-परळचे रस्ते कसे असतात ते मी सांगायला नको. त्या दहा दिवसांत पहाटेची वेळ मागा किंवा जवळ मुक्काम करा. पावसाळ्यात समुद्राच्या भरतीची वेळ बघून निघा.

हॉस्पिटलात स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना मावशी आणि मामांना रोज सांगायचं: ‘मणक्याचा पेशंट आहे, चादरीसकट उचलूया.’ तेही दिवसभर दमलेले असतात. नीट सांगितलं तर नीट ऐकतात.

९. काय त्रास होऊ शकतो

थकवा बहुतेकांना येतो. बाकी त्रास किरणं कुठून जातात यावर ठरतो. छातीमागचा मणका असेल तर काही दिवसांनी गिळताना दुखतं: मऊ भात, पेज, कोमट दूध आणि तिखटाला रजा. कमरेचा मणका असेल तर मळमळ किंवा जुलाब होऊ शकतात. मळमळीची गोळी सिटिंगच्या आधी द्यायची असते, उलटी झाल्यावर नव्हे. डोक्याचे केस जात नाहीत. त्या जागी गरम पाण्याची पिशवी, बाम किंवा मलम लावू नका.

आणि एक धक्का: पहिल्या काही दिवसांत दुखणं उलट वाढू शकतं. तीन-चार पेशंटमागे एकाला तरी असं होतं, दोन-तीन दिवसांत ओसरतं. याची आधी कल्पना नसेल तर घरात ‘रेडिएशन सोसलं नाही’ अशी हाकाटी होते आणि माणसं पुढची सिटिंग बुडवतात. जादा गोळी काय द्यायची हे आधी लिहून घ्या. पण दुखणं वाढण्याबरोबर पायांची ताकद कमी झाली, तर वाट बघायची नाही. पहिला मुद्दा परत वाचा आणि निघा.

१०. औषधांच्या डब्यात

मॉर्फिनचं नाव काढलं की आमच्याकडे मामा म्हणाले, ‘आता शेवटचंच का?’ नाही. दुखणं जास्त असेल तेव्हा डॉक्टर ते लिहितात, आणि दुखणं उतरल्यावर कमी करत बंदही करतात. ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही, परवाना असलेल्या हॉस्पिटलांतच मिळतं. म्हणून शनिवार-रविवार आणि सणाच्या सुट्ट्या मोजून आधी आणून ठेवा. घड्याळ लावून द्यायचं, दुखायची वाट बघायची नाही. बद्धकोष्ठ जवळजवळ नक्की होतो, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. नुसत्या इसबगोलावर आणि पपईवर भागत नाही. रेडिएशनचा गुण आल्यावर तोच डोस जड होऊन पेशंट झोपाळू होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना कळवा.

स्टिरॉइड सकाळी, खाल्ल्यावर. शुगर वाढते, म्हणून मधुमेह असेल तर घरी रोज तपासा. रात्री झोप उडते, चिडचिड होते. मनाने अचानक बंद करायचं नाही, डॉक्टर डोस उतरवत नेतात.

हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुचवतील. त्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण ही इंजेक्शनं चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही असा त्रास काहींना होतो. आईची हलणारी दाढ आधी काढून जखम भरू दिली, मगच इंजेक्शन.

११. घरात

हॉस्पिटलचा पलंग, कमोडची खुर्ची आणि हवेची गादी मुंबईत भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. पेशंट पडूनच असेल तर दर दोन तासांनी कूस बदला आणि माकडहाडाजवळची कातडी रोज बघा. लाल झाली की तिथून जखम सुरू होते. रोज सकाळी पायाची बोटं वर-खाली करायला सांगा, दोन्ही पाय सारखे हलतात का पाहा. एका पोटरीला सूज आली तर तेही कळवा.

पेशंटला किती सांगायचं यावर प्रत्येक घरात भांडण होतं. आमच्याकडेही झालं. भाऊ म्हणत होता, आईला ‘कंबरेची झीज’ सांगू. पण ज्या विभागाच्या दारावर कॅन्सर लिहिलंय तिथे रोज जाणाऱ्या बाईला आपण किती फसवणार? डॉक्टरांनीच तिला विचारलं, ‘तुम्हाला किती माहिती हवी?’ तिने सरळ विचारलं, ‘पाय राहतील का?’ तिचा प्रश्न पायांचा होता आणि आम्ही दाराबाहेर भलत्याच शब्दावरून कुजबुजत होतो.

पॅलिएटिव्ह विभागाची चिठ्ठी रेडिएशन चालू असतानाच मागा. दुखणं, झोप, मळमळ, घरच्यांची दमछाक हे सगळं ते बघतात, आणि काही ठिकाणी त्यांची माणसं घरी येतात. घरी सांभाळणं अशक्य झालं तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे हॉस्पिस आहे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटना ठेवून घेऊन त्यांची काळजी घेणारं ठिकाण. १९८६ मध्ये सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस.

१२. शेवटच्या सिटिंगनंतर

दुखणं लगेच जात नाही. काहींना आठवड्यात फरक पडतो, पुष्कळांना तीन-चार आठवडे लागतात. तोवर दुखण्याच्या गोळ्या तशाच चालू. दुखणं गेलं तरी हाड भरून यायला काही महिने लागतात, तेव्हा बादली उचलणं, वाकून केर काढणं, गॅसचा सिलिंडर सरकवणं बंद. बरं वाटायला लागलेल्या आईला हे पटवणं महाकठीण. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात ती माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढलेली सापडली.

महिन्याभराने तपासणीला जाताना दुखण्याला दहापैकी किती गुण आणि दिवसातून किती जादा गोळ्या, एवढं एका कागदावर रोजचं लिहून न्या. डॉक्टरांना याचा जितका उपयोग होतो तितका ‘आधीपेक्षा बरं आहे’ याचा होत नाही. गुण आला नसेल किंवा काही महिन्यांनी दुखणं परतलं तर त्याच जागी पुन्हा रेडिएशन देता येतं, पण मध्ये किमान चार आठवडे जाऊ देतात.

शेवटच्या दिवशी विभाग सोडण्याआधी समरी हातात घ्या. त्यावर कुठले मणके, किती ग्रे, किती सिटिंग, कुठल्या तारखा हे चारही आहे का बघा. नसेल तर तिथेच लिहून, सही-शिक्का घेऊन मगच गाडी बोलवा. एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि एक भावंडांना पाठवा.